शाळा व्यवस्थापन समितीवर निवडून येताना: सरकारी शाळेसाठी उभे राहू इच्छिणाऱ्या पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत ज्यांचे मूल शिकते, त्या प्रत्येक पालकाला त्या शाळेच्या कारभारात निवडून जाण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संसदेने संमत केला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे. गावोगावी ही समिती कागदावर असते, फलकावर तिच्या सदस्यांची नावेही रंगवलेली असतात. मात्र अनेक ठिकाणी तिची निवड दहा-पंधरा मिनिटांत उरकली जाते, अध्यक्षपद गावातल्या गटांच्या वाटाघाटीत जाते आणि सदस्य झालेल्या आयांना सही कुठे करायची एवढेच सांगितले जाते. ज्यांना आपली शाळा सर्व मुलांना सामावून घेणारी आणि हक्काचा निधी मिळवणारी व्हावी असे मनापासून वाटते, त्यांनी या समितीकडे मानाचे पद म्हणून न पाहता कामाची जागा म्हणून पाहावे आणि पूर्ण तयारीनिशी उभे राहावे, यासाठी हा लेख आहे.

आधी समितीची रचना आणि अधिकार समजून घ्यावेत

समितीच्या एकूण सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेतील मुलांचे आईवडील किंवा पालक असले पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाल्या पाहिजेत, अशा तीन अटी कायद्यातच आहेत. महाराष्ट्रात समितीची सदस्यसंख्या साधारणपणे १२ ते १६ असते. पालकांखेरीज स्थानिक स्वराज्य संस्थेचा एक लोकप्रतिनिधी, शिक्षकांचा एक प्रतिनिधी आणि स्थानिक शिक्षणतज्ज्ञ यांना स्थान असते. मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात आणि अध्यक्ष व उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडले जातात. समितीची दर दोन वर्षांनी पुनर्रचना होते. आपले मूल शाळेच्या पटावर नसेल तर पालक म्हणून उभे राहता येत नाही, त्यामुळे मूल शेवटच्या वर्गात असलेल्या पालकाने मुदतीचा विचार आधीच करावा.

एक महत्त्वाचा फरक येथेच लक्षात घ्यावा. सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांमध्ये समितीला देखरेखीचे, आराखडा तयार करण्याचे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवण्याचे अधिकार आहेत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर खासगी अनुदानित आणि अल्पसंख्याक शाळांतील समितीचे काम केवळ सल्लागार स्वरूपाचे राहिले आहे, तर विनाअनुदानित खासगी शाळांना ही तरतूदच लागू नाही. हा लेख पहिल्या प्रकारच्या शाळांविषयी आहे.

समितीने काय करायचे, हे केंद्र सरकारच्या २०१० च्या नियमांत तपशिलाने दिले आहे. परिसरातील सर्व मुलांची पटनोंदणी व उपस्थिती, दिव्यांग मुलांची ओळख आणि त्यांना मिळणाऱ्या सुविधा, मध्यान्ह भोजन, शिक्षकांची नियमितता, शिक्षकांवर लादली जाणारी अशैक्षणिक कामे, मुलांचा शारीरिक वा मानसिक छळ आणि वर्षाचा जमाखर्च या सगळ्यांवर समितीने लक्ष ठेवायचे आहे. बैठक महिन्यातून किमान एकदा घ्यायची आहे आणि तिचे इतिवृत्त लोकांना पाहण्यास खुले ठेवायचे आहे. शेवटची तरतूद फार कमी पालकांना माहीत असते, पण उमेदवाराच्या तयारीची सुरुवात तिच्यापासूनच होते.

उभे राहण्यापूर्वी शाळा समजून घ्यावी

प्रत्येक शाळेला यू-डायस या देशभरातील शाळांच्या माहिती प्रणालीतला अकरा अंकी क्रमांक असतो. तो वापरून त्या शाळेचे माहितीपत्रक यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यात इयत्तावार पट, शिक्षकसंख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, वीज, उताराची (रॅम्पची) सोय आणि दिव्यांग मुलांसंबंधीची माहिती असते. हे पत्रक छापून घ्यावे आणि हातात घेऊन शाळेत जावे. पत्रकात मुलींचे स्वच्छतागृह ‘चालू स्थितीत’ असे दाखवलेले असेल तर त्याच्या दाराला आतून कडी लागते का, नळाला पाणी येते का आणि सुट्टीत ते कुलूपबंद असते का, हे पाहावे. ‘उतार आहे’ असे लिहिले असेल तर तो मोजावा. चाकाच्या खुर्चीसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे मान्य प्रमाण आहे. म्हणजे दीड फूट उंचीच्या जोत्याला अठरा फुटांचा उतार लागतो. अनेक शाळांत याच उंचीला पाच-सहा फुटांचा, कठडा नसलेला, पावसात निसरडा होणारा उतार बांधून पत्रकात ‘होय’ अशी नोंद केलेली असते. अशा उतारावरून कोणतेही मूल स्वतःहून वर्गात जाऊ शकत नाही.

यानंतर कायद्याच्या अनुसूचीशी शाळेची तुलना करावी. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन, ६१ ते ९० पर्यंत तीन, ९१ ते १२० पर्यंत चार आणि १२१ ते २०० पर्यंत पाच शिक्षक, असे प्रमाण अनुसूचीत दिले आहे. सहावी ते आठवीला विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांसाठी शिक्षक हवेत आणि ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक हवा. वर्षाला पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा भरली पाहिजे. शिक्षकांची जी पदे मंजूर आहेत आणि जी प्रत्यक्षात भरलेली आहेत, त्यांतील फरक मुख्याध्यापकांकडून समजून घ्यावा. मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, असे कलम २६ सांगते.

शेवटी मागील दोन वर्षांची इतिवृत्ते आणि जमाखर्च पाहण्याची विनंती करावी. ती तोंडी न करता लेखी अर्जाने, नम्र भाषेत करावी आणि पोच घ्यावी. बहुतेक मुख्याध्यापक सहकार्य करतात. नकार मिळाला तर माहिती अधिकाराचा मार्ग आहेच, पण त्याने सुरुवात करू नये, कारण पुढची दोन वर्षे याच मुख्याध्यापकांबरोबर काम करायचे आहे.

पालकांपर्यंत पोहोचणे

या निवडणुकीत पोस्टर, प्रचारफेरी, चिन्ह असे काही नसते. पालकसभेला जो हजर राहतो, तोच निर्णय घेतो. त्यामुळे प्रचार म्हणजे सभेला न येणाऱ्या पालकांना सभेपर्यंत आणणे. गावठाणातील पालक सहज भेटतात. वस्तीवर, तांड्यावर, पाड्यावर, वीटभट्टीवर किंवा शेतातल्या घरांत राहणारे पालक मात्र कोणत्याच सभेला दिसत नाहीत, आणि शाळेकडून सर्वांत जास्त अपेक्षा बाळगणारी मुले त्यांचीच असतात. त्यांच्याकडे संध्याकाळी, काम आटोपल्यावर जावे. शहरातल्या महापालिका शाळांत घरकाम, बांधकाम, फेरीव्यवसाय करणाऱ्या आयांना रविवारी किंवा रात्री आठनंतरच वेळ असतो.

भेटीत आश्वासने देऊ नयेत, प्रश्न विचारावेत. मूल शाळेत जाताना रस्त्यात काय अडचण येते, कोणत्या विषयात मागे आहे, शाळेतल्या जेवणाबद्दल काय सांगते, सुट्टीनंतर परत जायला कधी नको म्हणते का, हे विचारावे आणि वहीत इयत्तेसह लिहून घ्यावे. तीस-चाळीस घरे झाली की वहीतूनच शाळेच्या प्रश्नांचा क्रम स्पष्ट होतो. मग तीन मुद्दे निवडावेत. तीनपेक्षा जास्त मुद्दे घेऊन उभा राहणारा उमेदवार सभेत लक्षात राहत नाही. त्या तिन्हींपैकी किमान एक मुद्दा असा असावा, ज्याचा लाभ स्वतःच्या मुलाला होणार नाही. आपण सर्व मुलांसाठी उभे आहोत, हे पालकांना त्यावरूनच पटते.

सोबतीला आणखी चार-पाच पालक शोधावेत. एकट्याने निवडून येऊन समिती चालत नाही. दिव्यांग मुलाची आई, स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातील वडील, वंचित घटकांतील पालक, आणि शक्य असेल तर हिशेब लिहिण्याची सवय असलेली बचत गटातील एखादी महिला, असे सहकारी असतील तर कायद्याने ठरवलेले प्रतिनिधित्व आपोआप पूर्ण होते आणि समितीला शाळेची खरी माहितीही मिळते.

पालकसभेचा दिवस

सभेची सूचना लेखी निघाली आहे ना, ती फलकावर लागली आहे ना आणि मुलांच्या हाती घरी गेली आहे ना, हे आधी पाहावे. वेळ कामाच्या तासांतली असेल तर ती बदलण्याची विनंती पाच-दहा पालकांच्या सह्यांनी करावी. सभेत पहिली मागणी अशी करावी, की कोणत्या इयत्तेतून आणि कोणत्या घटकातून किती सदस्य निवडायचे आहेत ते फळ्यावर लिहावे. एवढ्या एका गोष्टीने अर्धी गडबड थांबते, कारण नावे आधी ठरवून मग प्रवर्ग जुळवण्याची पद्धत त्यामुळे बंद पडते.

बोलायला संधी मिळाली तर दोन-तीन मिनिटांत बोलावे. शाळेविषयीचे एक निरीक्षण, त्यावरची कायद्यातली तरतूद आणि आपण काय करू इच्छितो, एवढेच सांगावे. शिक्षकांवर टीका करून टाळ्या मिळतात, पण दुसऱ्या दिवसापासून काम अवघड होते. महिला उमेदवारांऐवजी त्यांचे पती बोलायला उठले, तर सभेच्या अध्यक्षांना विनंती करून त्या महिलेलाच बोलू द्यावे. निवड हात वर करून होणार असेल आणि गावातल्या दबावामुळे काही पालक मोकळेपणाने हात वर करू शकत नसतील, तर चिठ्ठीने मत घेण्याचा आग्रह धरावा. बिनविरोध निवडीचा आग्रह अनेकदा सलोख्याच्या नावाने होतो, पण त्यात नेहमी आवाज नसलेलाच माघार घेतो. म्हणून दोन योग्य नावे असतील तर मत घेणेच बरे.

सभा संपण्यापूर्वी उपस्थितांची संख्या, निवडलेली नावे आणि त्यांचे प्रवर्ग इतिवृत्तात लिहून ते वाचून दाखवायला सांगावे. सभा न घेताच समिती स्थापन झाल्याचे दाखवले गेले असेल, तर पालकांच्या सह्यांचा अर्ज आधी केंद्रप्रमुखांकडे (जवळपासच्या काही शाळांच्या गटावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख करणारे अधिकारी) आणि मग तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. महापालिका क्षेत्रात तो प्रशासन अधिकाऱ्यांकडे जातो.

अध्यक्षपदाविषयी माझे मत स्पष्ट आहे. पहिल्याच वेळी निवडून आलेल्या पालकाने त्यासाठी भांडण ओढवून घेऊ नये. अध्यक्ष कोणीही झाला तरी आराखडा कोण लिहितो आणि ठराव कोण मांडतो, यावर शाळेचे काम ठरते.

ठराव कसा लिहावा

समितीचा अधिकार तिच्या ठरावात असतो. ‘स्वच्छतागृहाबाबत चर्चा झाली’ या वाक्याचा कोणत्याही कार्यालयात काही उपयोग होत नाही. ठरावात वस्तुस्थिती, तरतूद, मागणी, कोणाकडे मागणी आहे ते आणि मुदत, अशा पाच गोष्टी असल्या पाहिजेत. उदाहरणादाखल उताराचाच ठराव असा लिहिता येईल:

“शाळेच्या वर्गखोल्यांच्या जोत्याची उंची दीड फूट असून सध्याचा उतार सहा फूट लांबीचा व कठड्याविना आहे. इयत्ता तिसरीतील एका विद्यार्थ्याला चाकाच्या खुर्चीवरून वर्गात जाता येत नाही. शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीनुसार शाळेच्या इमारतीत अडथळाविरहित प्रवेश असणे आवश्यक आहे. सबब दोन्ही बाजूंना कठडा असलेला अठरा फूट लांबीचा उतार ग्रामपंचायतीच्या दिव्यांग कल्याण निधीतून ३१ डिसेंबरपूर्वी बांधून मिळावा, अशी ही समिती ग्रामपंचायतीस विनंती करीत आहे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर.”

मुलाचे नाव ठरावात लिहू नये. इतिवृत्त सर्वांना खुले असते आणि मुलाच्या अपंगत्वाची चर्चा गावभर होणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. ठरावाची प्रत जावक क्रमांकासह पाठवावी, पोच फाईलला लावावी आणि पुढच्या बैठकीत पहिला विषय ‘मागील ठरावांवरील कार्यवाही’ हाच ठेवावा.

आराखडा आणि निधी

शाळा विकास आराखडा हा समितीच्या हातातला सर्वांत मोठा अधिकार आहे. कलम २२ नुसार तो समितीने तयार करायचा असतो आणि शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचा आधार तोच आराखडा असावा, असे कायदा म्हणतो. नियमांप्रमाणे तो तीन वर्षांचा असतो, त्यात प्रत्येक वर्षाचा उपआराखडा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर, तो तयार व्हायला हवा. प्रत्यक्षात अनेक शाळांत तो मार्चमध्ये घाईघाईने, मागच्या वर्षीच्या मजकुरात आकडे बदलून भरला जातो, तोवर वरच्या स्तरावरचे अंदाजपत्रक झालेले असते. जून-जुलैमध्ये निवडून आलेल्या समितीने दिवाळीनंतरच्या पहिल्या बैठकीत मसुदा मांडायचे ठरवले, तर वेळ पुरतो.

आराखड्यात इयत्तावार अपेक्षित पट, लागणारे शिक्षक, दुरुस्त्या व बांधकामे, मागे पडलेल्या किंवा शाळाबाह्य मुलांचे विशेष प्रशिक्षण आणि त्या प्रत्येकाचा अंदाजित खर्च असावा. खर्चाचे अंदाज पालकांतल्याच गवंड्याकडून, सुताराकडून, वीजकाम करणाऱ्याकडून घ्यावेत. ते वास्तवाला धरून असतात आणि त्या पालकांचा शाळेशी संबंधही जोडला जातो.

आता पैसा कोठून येतो ते पाहू. समग्र शिक्षा या केंद्र व राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतून पटानुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. ३० मुलांपर्यंत १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार आणि त्यापुढे एक लाख, असे त्याचे वार्षिक टप्पे आहेत. त्यातील किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेसाठी खर्च करायची असते. १० हजार रुपयांत वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती आणि साबण भागवणाऱ्या छोट्या शाळेची ओढाताण कोणालाही समजेल, म्हणून केवळ या अनुदानावर विसंबून राहू नये. ग्रंथालय आणि क्रीडा साहित्यासाठी स्वतंत्र अनुदान असते. ते वेळेत खर्च न झाल्यामुळे परत गेले असेल तर त्याचे कारण इतिवृत्तात नोंदवून घ्यावे.

ग्रामपंचायत हा दुसरा मोठा स्रोत आहे. वित्त आयोगाच्या निधीचा बंधित भाग पाणी व स्वच्छतेसाठीच वापरायचा असतो, त्यातून शाळेची स्वच्छतागृहे आणि हात धुण्याची जागा बसते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. पेसा कायदा लागू असलेल्या अनुसूचित आदिवासी क्षेत्रातील गावांत आदिवासी उपयोजनेच्या ५ टक्के थेट निधीतूनही ग्रामसभा शाळेसाठी काम घेऊ शकते. या सगळ्यासाठी शाळेचे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधीच नोंदलेले असले पाहिजे. म्हणून ज्या ग्रामसभेत तो आराखडा चर्चेला येतो, त्या सभेला समितीच्या सदस्यांनी ठरावाच्या प्रती घेऊन हजर राहावे. शाळेच्या मोठ्या बांधकामांसाठी जिल्हा परिषदेकडे आणि जिल्हा नियोजनाकडे पाठपुरावा करावा लागतो. त्यात एक-दोन वर्षे जातात, हे गृहीत धरून सुरुवातीलाच प्रस्ताव पाठवावा.

निधी आला की समितीचे खरे उत्तरदायित्व सुरू होते. प्रत्येक खर्चाला बैठकीची मान्यता, ठरावीक रकमेपुढे दरपत्रके, वस्तूंची साठा नोंदवहीत नोंद आणि वर्षअखेरीस जमाखर्चाचे पालकसभेत वाचन, ही शिस्त पाळावी. कोऱ्या कागदावर किंवा न वाचता कोणत्याही देयकावर सही करू नये, मग समोरची व्यक्ती कितीही जवळची असो. २०२४-२५ मध्ये राज्यभर एकच गणवेश केंद्रीय पद्धतीने शिवून देण्याचा प्रयोग झाला. मुलांना गणवेश उशिरा आणि बेमापाचे मिळाल्याच्या तक्रारी सगळीकडून आल्या आणि पुढच्या वर्षासाठी खरेदी पुन्हा समित्यांकडे सोपवण्यात आली. हा विश्वास टिकवायचा असेल, तर कापडाचा नमुना पालकांना दाखवून आणि मुलांची मापे घेऊनच गणवेश घ्यावेत.

पट, आधार आणि शिक्षकांची पदे

निधीइतकाच मोठा प्रश्न शिक्षकांचा आहे आणि तो संचमान्यतेवर, म्हणजे पटानुसार शाळेला शिक्षकांची पदे मंजूर होण्यावर, अवलंबून असतो. दरवर्षी ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षकांची पदे ठरतात. अलीकडच्या वर्षांत ज्या मुलांच्या आधारची पडताळणी झाली आहे तीच मुले यासाठी मोजली जातात. आधारवर नावातल्या एका अक्षराचा किंवा जन्मतारखेचा फरक असला तरी मूल वर्गात रोज बसूनही हिशेबात येत नाही, आणि अशा पाच-सहा मुलांमुळे शाळेचे एक पद जाऊ शकते. फटका बहुधा स्थलांतरित, भटक्या-विमुक्त आणि आदिवासी कुटुंबांतील मुलांना बसतो, कारण कागदपत्रे त्यांचीच अपुरी असतात. म्हणून समितीने जुलैमध्येच इयत्तावार यादी घेऊन कोणाची पडताळणी बाकी आहे ते पाहावे आणि ऑगस्टमध्ये शाळेतच आधार दुरुस्तीचे शिबिर घेण्याची मागणी करावी. मात्र आधार नाही किंवा जन्मदाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. वयाच्या पुराव्याअभावी प्रवेश नाकारू नये, असे कलम १४ स्पष्टपणे सांगते.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलल्यापासून छोट्या शाळांची, विशेषतः सहावी ते आठवीच्या कमी पटाच्या वर्गांची, चिंता वाढली आहे. त्याआधी २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे जवळच्या छोट्या शाळा एका शाळेत एकत्र करण्याचे, प्रस्ताव मागवले गेले, तेव्हा राज्यात अशा शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक होती. आपल्या शाळेबाबत असा प्रस्ताव आला, तर भावनिक निवेदनापेक्षा मोजमाप उपयोगी पडते. दुसरी शाळा किती किलोमीटरवर आहे, वाटेत ओढा, घाट, महामार्ग किंवा जंगल आहे का, पावसाळ्यात रस्ता किती दिवस बंद असतो, हे नकाशासह लिहावे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असली पाहिजे. हा निकष ठरावात नमूद करून तो ग्रामसभेच्या ठरावासह पाठवावा. मुली आणि दिव्यांग मुले लांबची शाळा आधी सोडतात, ही बाब त्यात ठळकपणे यावी.

सर्व मुलांची शाळा

समावेशक शाळेचे काम वर्गात बसलेल्या मुलांपासून नव्हे, तर वर्गात नसलेल्या मुलांपासून सुरू होते. समितीने वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि दिवाळीनंतर, वस्त्यांची फेरी काढून ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाची यादी करावी. शाळेत कधीच न गेलेल्या मुलाला कलम ४ नुसार त्याच्या वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो आणि बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षणही मिळते. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवणे हा कायद्याचा भंग आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची अपंगत्वे मान्य झाली आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. निवड पालकांची असते, त्यामुळे ‘याला विशेष शाळेतच घाला’ असे सांगून मुलाला परत पाठवता येत नाही. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद साहित्य, प्रवास व मदतनीस भत्ता अशा बाबींसाठी आहे, शिवाय दिव्यांग मुलींना १० महिने दरमहा २०० रुपये विद्यावेतन असते. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात. ते आपल्या शाळेत महिन्यातून किती वेळा येतात, हे भेटपुस्तिकेवरून पाहावे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सर्वसाधारण शाळांसाठी प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण सांगितले आहे. आपले केंद्र या प्रमाणापासून किती दूर आहे, ते आकड्यांत मांडून मागणी करावी.

मंदगतीने शिकणारे, ऐकायला कमी येणारे किंवा फळा नीट न दिसणारे मूल बहुधा कोणाच्याच यादीत नसते. त्याला ‘लक्ष न देणारे’ असे म्हटले जाते आणि ते मागच्या बाकावर जाते. शाळेच्या आरोग्य तपासणीनंतर कोणाला चष्मा सुचवला होता आणि कोणाला तो प्रत्यक्षात मिळाला, एवढा एक प्रश्न समितीने दरवर्षी विचारला, तरी अशा काही मुलांचे वर्ष वाचते.

ऊसतोडीच्या पट्ट्यात, बीडसारख्या जिल्ह्यांत, दसऱ्यानंतर आईवडील कारखान्यांकडे निघतात. त्या वेळी मुले गावातच राहावीत यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे आणि तिच्या अंमलबजावणीत समितीचा थेट सहभाग असतो. त्यासाठी सप्टेंबरमध्येच जाणाऱ्या कुटुंबांची यादी करून मुलांना कोण सांभाळणार, जेवण कोठे होणार आणि मुलींच्या सुरक्षिततेची व्यवस्था काय, हे ठरवून प्रस्ताव द्यावा. जी मुले आईवडिलांबरोबर जाणारच आहेत, त्यांना शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे मुक्कामाच्या गावच्या शाळेत ती बसू शकतात आणि परत आल्यावर त्यांचे नाव पटावर कायम असते.

भाषेचा प्रश्न नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीत जेवढा आहे तेवढाच पुण्या-मुंबईच्या महापालिका शाळांतही आहे. घरी भिली, कोरकू, गोंडी किंवा हिंदी बोलणारे मूल पहिलीत गप्प राहते. त्याच भाषेतील एखाद्या आईने आठवड्यातून काही तास वर्गात येऊन गोष्टी सांगाव्यात, एवढी व्यवस्था समिती सहज करू शकते. जेवणाच्या पंगतीतही लक्ष ठेवावे. कोणी वेगळे बसवले जाते का, एखाद्या समाजातील स्वयंपाकीण नको म्हणून कोणी मुलांना जेवू देत नाही का, हे डोळ्यांनी पाहावे. असे घडत असेल तर समितीने त्याच दिवशी बैठक घेऊन त्याला थांबवावे, कारण येथे गप्प राहणे म्हणजे संमती देणे होय.

शिक्षकांशी संबंध

समिती ही शिक्षकांची वरिष्ठ नाही आणि त्यांची विरोधकही नाही. अध्यापनाच्या तासाला वर्गात शिरून हजेरी तपासणे, वर्गासमोर शिक्षकांना जाब विचारणे, समाजमाध्यमांवर शाळेच्या चित्रफिती टाकणे हे टाळावे. कलम २७ नुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. तरीही त्यांच्यावर माहिती भरण्याची आणि सर्वेक्षणांची कामे येत राहतात. अशा वेळी समितीने शिक्षकांच्या बाजूने लेखी हरकत घेतली, तर शाळेतले वातावरण बदलते. दुसरीकडे शारीरिक शिक्षा, मानसिक छळ किंवा मुलींशी गैरवर्तन याबाबत कोणतीही तडजोड करू नये. असा प्रकार ‘गावातल्या गावात मिटवण्याचा’ दबाव आला, तरी कायद्याने ठरवलेल्या यंत्रणेकडे तक्रार जाईल, हे समितीने पाहावे.

सामान्य तक्रारींसाठी क्रम ठेवावा: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते आणि तेथे न्याय न मिळाल्यास राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे जाता येते.

मुदत संपताना

दोन वर्षांत सर्व ठराव मार्गी लागत नाहीत. मुदत संपण्यापूर्वीच्या शेवटच्या बैठकीत प्रलंबित ठरावांची यादी, प्रत्येकाचा जावक क्रमांक, तो सध्या कोणत्या कार्यालयात कोणत्या टप्प्यावर आहे ते आणि पुढील पाठपुराव्याची तारीख, असा एक कागद तयार करावा, इतिवृत्तात लावावा आणि त्याची प्रत नव्या समितीच्या अध्यक्षांच्या हाती द्यावी. ज्या सदस्यांची मुले अजून शाळेत आहेत, त्यांच्यापैकी किमान दोघांनी पुन्हा उभे राहावे. ज्यांची मुले पुढच्या शाळेत गेली, त्यांनी तेथील पालकसभेची तारीख विचारून घ्यावी.